जॅझची सम कुठे असते?

गेल्या अंकातील एका उत्तरात सी. रामचंद्र यांच्या १९५१च्या 'अलबेला' चित्रपटातील वाद्यमेळाविषयी लिहिताना मी 'जॅझचा संस्कार' असे म्हटले होते. जॅझ म्हणजे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी घडवलेले संगीत. त्या दोन शब्दांचे स्पष्टीकरण मागणारी पत्रे बेळगाव, खानापूर, चिकोडी आणि निपाणी येथून आली. त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. काही उत्तरे लांबली आहेत, कारण ते प्रश्न थोडक्यात आटोपण्याजोगे नव्हते.

प्रश्न (टिळकवाडी, बेळगाव येथील एक निवृत्त शिक्षिका) : माझे कान किराणा घराण्याच्या गायकीवर पोसले. धारवाड-हुबळीच्या मैफली आम्ही रात्र रात्र बसून ऐकल्या. नातू सुटीत बंगळूरहून येतो तेव्हा घरात जॅझ लावतो. मला त्यात प्रत्येक जण मनाला येईल ते वाजवतो आहे असे वाटते. त्यात शिस्त असते का? असल्यास माझ्यासारखीने ती ओळखायची कशी?

उत्तर : शिस्त असते, आणि आपल्यासारख्या श्रोत्याला ती लवकर सापडेल. कानाला जे सैरभैर वाटते त्याच्या तळाशी एक आवर्तन अखंड फिरत असते. जॅझमधील पुष्कळ रचना १२ किंवा ३२ खंडांच्या असतात आणि एकेका खंडात बहुधा ४ मात्रा असतात. १२ खंडांच्या 'ब्लूज' या गीतप्रकाराच्या ४८ मात्रा होतात, म्हणजे १६ मात्रांच्या त्रितालाची ३ आवर्तने. ३२ खंडांच्या १२८ मात्रा, म्हणजे बरोबर ८ आवर्तने. आरंभी सर्व वादक मिळून बंदिशीसारखी मूळ धून वाजवतात, मग एकेक जण पुढे येऊन त्याच आवर्तनावर उपज करतो, म्हणजे आयत्या वेळी नवी स्वरवाक्ये रचतो, आणि अखेरीस सारे पुन्हा धुनेवर येतात. उपज करणारा कितीही दूर गेला तरी आपण कितव्या खंडात आहोत हे त्याला ठाऊक असते, आणि मागे साथ करणाऱ्यांनाही ठाऊक असते. पुष्कळदा चार-चार खंडांची देवघेव चालते, चार खंड सॅक्सोफोन आणि चार खंड ड्रम; तेव्हा तर आपल्याला सवाल-जवाबच ऐकल्यासारखे वाटेल.

नातवाला एक काम सांगा. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या १९५९च्या 'काइंड ऑफ ब्लू' या ध्वनिमुद्रिकेतील पहिली रचना, 'सो व्हॉट', लावायला सांगा आणि हातावर त्रिताल धरून बसा. प्रारंभीची थोडी संथ, तालमुक्त वाटचाल संपली की खर्जात बोलणारे डबल बास हे तंतुवाद्य एक स्वरवाक्य म्हणते आणि बाकीचे वादक दोन आघातांनी त्याला होकार देतात. तेथून मोजायला लागा. पहिल्या ४ आवर्तनांत स्वर आपल्या काफी थाटाचे आहेत, म्हणजे गांधार आणि निषाद कोमल, बाकीचे शुद्ध. पाचव्या आवर्तनाला काफी तोच राहतो, पण षड्जच अर्ध्या स्वराने वर सरकतो. दोन आवर्तने तेथे काढून षड्ज पुन्हा मूळ जागी येतो आणि शेवटची दोन आवर्तने होतात. ही झाली एक फेरी. त्यानंतर डेव्हिस यांच्या ट्रम्पेटच्या दोन फेऱ्या, जॉन कोल्ट्रेन यांच्या सॅक्सोफोनच्या दोन, कॅननबॉल ॲडर्ली यांच्या सॅक्सोफोनच्या दोन आणि बिल एव्हान्स यांच्या पियानोची एक. वादकांच्या हाती पूर्ण लिहिलेले संगीत नव्हते, केवळ स्वरांचा आराखडा होता. षड्ज सरकण्याचा तो क्षण आपल्याला एकदा न चुकता पकडता आला की सैरभैरपणाची भावना आपोआप ओसरेल, याविषयी मला शंका नाही. (यातील कोल्ट्रेन यांना आपल्या संगीताची इतकी ओढ होती, की त्यांनी आपल्या एका मुलाचे नाव पंडित रविशंकर यांच्यावरून रवी ठेवले.)

मात्र जॅझ म्हणजे अमेरिकेची ख्यालगायकी, असे कोणी म्हणाले तर ते मान्य करू नका. आपल्या मैफलीत तानपुरा षड्ज धरून ठेवतो आणि गायक त्या एका आधारावर रागाची बढत करतो. जॅझच्या बहुतेक रचनांत आधाराचे स्वरसमूह दर एक-दोन खंडांनी बदलत जातात, आणि वादकाला प्रत्येक बदलाशी जुळेल अशी स्वरवाक्ये त्याच क्षणी रचावी लागतात. लयीचा भारही निराळा असतो. आपण समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, टाळी देतो, तर जॅझच्या ड्रममध्ये पायाने मिटणारी झांज दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर वाजते. शिवाय वादक मात्रेच्या किंचित अलीकडे-पलीकडे बोलतो, ज्याला आपण अतीत-अनाघात म्हणू. परंतु आपल्याकडे तो एखाद्या जागेचा अलंकार असतो आणि जॅझमध्ये ती सततची चाल असते. त्या झुलत्या चालीलाच 'स्विंग' म्हणतात. आपल्या सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांचे गाणे प्रथम ऐकताना कित्येक जुन्या जाणकारांनाही शिस्त मोडल्यासारखे वाटले होते, हे आपल्याला आठवत असेलच. तेथेही कानाला थोडा अवधी द्यावाच लागला होता.

प्रश्न (चिकोडी येथील एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी) : 'जॅझ' या शब्दाचा मूळ अर्थ काय?

उत्तर : जोम, उत्साह, चैतन्य. हा शब्द १९१२-१३च्या सुमारास कॅलिफोर्नियातील वृत्तपत्रांत बेसबॉल खेळाच्या संदर्भात छापलेला आढळतो, आणि १९१५ मध्ये शिकागोत तो संगीतासाठी वापरला जाऊ लागला. म्हणजे न्यू ऑर्लिन्स शहरात हे संगीत वाजू लागल्यानंतर बऱ्याच वर्षांनी त्याला हे नाव मिळाले, तेही बाहेरच्यांनी दिलेले. त्याच्याही मागची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. ड्यूक एलिंग्टन यांच्यासारख्या थोर रचनाकाराला या नावाच्या चौकटीत आपले संगीत बसवलेले आवडत नसे.

प्रश्न (खानापूर तालुक्यातील एक प्राथमिक शिक्षक) : आमच्या तालुक्यात जंगलालगतच्या वस्त्यांत सिद्दी बांधव राहतात. त्यांचे दमाम हे ढोलासारखे वाद्य आणि त्यावरची गाणी मी अनेकदा ऐकली आहेत. सिद्दींचे पूर्वज आफ्रिकेतून आले आणि जॅझही आफ्रिकेतून आलेल्या लोकांचे संगीत आहे. मग दोन्हींचे मूळ एकच म्हणावे का?

उत्तर : आपला प्रश्न वाचून मला मनापासून आनंद झाला, कारण आपल्या दाराशी असलेल्या या समाजाकडे संगीताच्या अंगाने पाहणारे फार थोडे आहेत. तरीही उत्तर जपून द्यावे लागते. आफ्रिका हा एक खंड आहे आणि त्याच्या पूर्व व पश्चिम किनाऱ्यांवरचे लोक, भाषा आणि वाद्ये परस्परांहून फार वेगळी आहेत. आपल्याकडील सिद्दींचे पूर्वज मुख्यतः पूर्व आफ्रिकेतून, विशेषतः मोझांबिककडून, पोर्तुगिजांनी गोव्यात आणलेले गुलाम होते. त्यांतील अनेक जण घाट चढून खानापूर, हल्याळ, यल्लापूर या भागांतील जंगलांत निसटले. न्यू ऑर्लिन्सला ज्यांना नेले ते प्रामुख्याने सेनेगल-गांबिया, बेनिन आणि काँगो या पश्चिमेकडच्या प्रदेशांतील होते. त्यामुळे दमामचा ठेका आणि जॅझचा ठेका यांत थेट नाते जोडणे योग्य होणार नाही.

पण दैव पुष्कळसे सारखे आहे, आणि त्याने घेतलेली वळणे निरनिराळी आहेत. अमेरिकेच्या बऱ्याच भागांत गुलामांना ढोल वाजवण्याची बंदी होती. साउथ कॅरोलायनात १७३९ मध्ये गुलामांचे बंड झाले आणि १७४०च्या कायद्याने तेथे ढोल बंद केले, कारण ढोलावरून निरोप पोहोचतो हे मालकांना कळून चुकले होते. लुइझियाना प्रांतावर आधी फ्रान्सचे आणि मग स्पेनचे राज्य होते. १८०३ मध्ये अमेरिकेने तो विकत घेतला. तेथील रिवाजाप्रमाणे गुलामांना रविवारची मोकळीक असे. १८१७ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या नगरपालिकेने हे मेळावे एकाच जागी भरावेत असा हुकूम काढला. ती जागा पुढे 'काँगो स्क्वेअर' म्हणून ओळखली गेली. दर रविवारी तेथे शेकडो लोक जमत, गोल धरून नाचत आणि ढोल वाजवत. जे अन्यत्र चोरून करावे लागे ते तेथे दिवसाढवळ्या होत होते.

काँगो स्क्वेअरमधून जॅझ सरळ जन्माला आले असे मात्र नाही. ते मेळावे १८६१ ते १८६५च्या यादवी युद्धापूर्वीच मावळले होते. युद्धानंतर लष्करी बँडची पितळी वाद्ये स्वस्तात मिळू लागली आणि कृष्णवर्णीयांच्या हाती कॉर्नेट (ट्रम्पेटसारखे वाद्य), ट्रॉम्बोन, क्लॅरिनेट आले. त्याच शहरात क्रिओल नावाचा एक मिश्रवंशीय वर्ग होता, ज्याला युरोपीय पद्धतीचे संगीतशिक्षण मिळालेले होते आणि जो स्वतःला वेगळा मानत होता. १८९० पासून वर्णभेदाचे कायदे कडक होत गेले, १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही वेगवेगळे डबे आणि वेगवेगळ्या जागा यांवर शिक्कामोर्तब केले, आणि क्रिओलांना कृष्णवर्णीयांच्याच रांगेत ढकलण्यात आले. कागदावरचे संगीत वाचणारे आणि केवळ कानाने वाजवणारे अशा रीतीने एकाच बँडमध्ये आले. चर्चमधील पदे, शेतात काम करताना म्हटली जाणारी हाकेची गाणी, ब्लूज, लष्करी कूच आणि नाचाच्या धुना हे सारे तेथे एकमेकांत मिसळले. त्या शहरात अंत्ययात्रेबरोबरही बँड असे: जाताना संथ धार्मिक पदे आणि परतताना जोमदार चाल. आपल्याकडे अंत्ययात्रेत भजन किंवा हलगी असते. त्यामुळे दुःखात वाद्य कशाला, असा प्रश्न आपल्याला पडणार नाही.

आता फरक पाहा. न्यू ऑर्लिन्स हे मोठे बंदर होते. तेथे वाद्यांची दुकाने होती, नाचघरे होती, वादकाला मजुरी मिळत होती, आणि पुढे ध्वनिमुद्रणाची यंत्रे आली. सिद्दींना लपून राहण्यासाठी सह्याद्रीचे जंगल निवडावे लागले. त्यांनी कोकणी, मराठी आणि कन्नड यांची सरमिसळ असलेली बोली आपलीशी केली, त्यांच्यात हिंदू, मुस्लिम आणि ख्रिस्ती असे तिन्ही धर्मांचे लोक आहेत, आणि या साऱ्यांतून त्यांनी दमाम जपला. आपण शिक्षक आहात, म्हणून एक विनंती करतो. वस्तीतील वयोवृद्धांची परवानगी घेऊन त्यांची गाणी मुलांकडून लिहून काढा, आणि प्रत्येक गाण्याखाली ते गाणाऱ्याचे नाव अवश्य नोंदवा.

ही विनंती मी जॅझच्या इतिहासाकडे पाहूनच करतो आहे. न्यू ऑर्लिन्समधील कॉर्नेटवादक बडी बोल्डन याला त्या काळचे लोक या संगीताचा पहिला राजा मानत. १९०७ मध्ये त्याला मनोरुग्णालयात दाखल करावे लागले आणि १९३१ मध्ये तेथेच तो वारला. त्याच्या वादनाचे एकही ध्वनिमुद्रण आज उपलब्ध नाही. दुसरीकडे, जॅझची म्हणून गणली गेलेली पहिली ध्वनिमुद्रिका फेब्रुवारी १९१७ मध्ये तयार झाली, ती गोऱ्या वादकांच्या एका संचाची होती. संगीत ज्यांनी घडवले त्यांची नावे लिहायची राहून गेली, याची मला आजही खंत वाटते.

प्रश्न (शहापूर, बेळगाव येथील एक वाचक) : जॅझमुळे अमेरिकेतील वर्णभेद संपला, असे एका व्याख्यानात ऐकले. हे खरे आहे का?

उत्तर : वर्णभेद कायदे, न्यायालये आणि रस्त्यावरचा लढा यांमुळे मागे हटला, आणि तो अजून पुरता संपलेला नाही. संगीताला त्याचे सारे श्रेय देणे हे लढणाऱ्यांवर अन्याय करणारे ठरेल. न्यूयॉर्कच्या ज्या कॉटन क्लबमध्ये १९२७ पासून एलिंग्टन यांचा वाद्यवृंद गाजला, तेथे वाजवणारे आणि नाचणारे कृष्णवर्णीय असत, पण प्रेक्षकांत प्रवेश गोऱ्यांना होता, हे विसरता येत नाही. तरीही रंगमंच काही ठिकाणी समाजाच्या पुढे चालला. गोरा क्लॅरिनेटवादक बेनी गुडमन याने १९३०च्या दशकात पियानोवादक टेडी विल्सन आणि व्हायब्राफोनवादक लायोनेल हॅम्प्टन या कृष्णवर्णीयांना आपल्या संचात जाहीरपणे सोबत घेतले. बिली हॉलिडे हिने १९३९ मध्ये झुंडीने झाडाला टांगून मारलेल्या कृष्णवर्णीयांवरचे 'स्ट्रेंज फ्रूट' हे गीत गायले. १९५६ पासून अमेरिकी सरकार जॅझवादकांना सांस्कृतिक दूत म्हणून परदेशी पाठवू लागले. पियानोवादक डेव्ह ब्रुबेक १९५८ मध्ये आणि एलिंग्टन १९६३ मध्ये भारतात आले ते त्याच योजनेतून. पण १९५७ मध्ये लिटल रॉक येथे नऊ कृष्णवर्णीय मुलांना शाळेत जाण्यापासून सैनिक लावून अडवले गेले, तेव्हा ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग यांनी सरकारवर उघड टीका करून सोव्हिएत रशियाच्या दौऱ्यावर जाण्यास नकार दिला. १९६० मध्ये ब्रुबेक यांना आपल्या संचातील कृष्णवर्णीय बासवादकाला वगळून दक्षिणेतील महाविद्यालयांत वाजवावे असे सुचवण्यात आले. त्यांनी २५ पैकी २३ कार्यक्रम सोडून दिले. मला ते २३ न झालेले कार्यक्रम त्यांच्या कोणत्याही मैफलीइतकेच महत्त्वाचे वाटतात.

प्रश्न (निपाणी येथील एक तरुण वादक) : मी लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो. नोटेशन येत नाही, सगळे कानानेच शिकलो. वरातीत लोक नाचतात, पण वाजवणाऱ्याचे नाव कोणी विचारत नाही, उलट 'बँडवाला' म्हणून हिणवतात. मोबाइलवर आर्मस्ट्राँग ऐकले तेव्हापासून ते वाजवावेसे वाटते. आमच्यासारख्यांनी जॅझच्या वाटेला जावे का?

उत्तर : जावे, आणि बुजून तर मुळीच जाऊ नये. तुमचा बँड आणि न्यू ऑर्लिन्सचा बँड ही एकाच घराची दोन भावंडे आहेत. तेथे अमेरिकी लष्कराच्या बँडमधून वाद्ये लोकांच्या हाती आली, येथे इंग्रजी पलटणींच्या बँडमधून आली. बेळगावच्या छावणीत लष्करी बँडचा सराव ऐकत आमच्या कित्येक पिढ्या वाढल्या आहेत. लहानपणी गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीत कपिलेश्वर तलावाकडे जाताना एका बँडमधील क्लारनेटवाल्याने ओळखीच्या गाण्याची चाल मोडून चार-पाच वेगळ्याच जागा घेतल्या आणि अचूक समेवर येऊन तो हसला, ते मला अजून लख्ख आठवते. त्याचे नाव मीही त्या वेळी विचारले नव्हते. आर्मस्ट्राँग यांना कॉर्नेटचे शिक्षण मिळाले ते सुधारगृहाच्या बँडमध्ये. ३१ डिसेंबर १९१२च्या रात्री रस्त्यात पिस्तुलाचा बार काढला म्हणून ११ वर्षांच्या त्या मुलाला तेथे पाठवले होते. पुढे १९२५ ते १९२८ या काळात त्यांनी शिकागोत ज्या ध्वनिमुद्रिका केल्या, त्यांनी एकट्या वादकाच्या उपजेला जॅझमध्ये मध्यवर्ती स्थान मिळवून दिले.

आपल्या बाजूची वाटही ऐका. १९३५ मध्ये लिऑन ॲबी या कृष्णवर्णीय वादकाचा संच मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला, आणि त्या काळात मुंबईतील हॉटेलांच्या वाद्यवृंदांत गोव्याचे तरुण भराभर शिरले. चोर्ला घाटापलीकडच्या गावांतील चर्चच्या शाळांत मेस्त्री, म्हणजे संगीतशिक्षक, मुलांना व्हायोलिन आणि स्वरलेखन शिकवत असत, त्यामुळे समोर ठेवलेला कागद वाचून वाजवणे त्यांना सहज साधे. बार्देशातील हळदोण्याचे अँटोनियो झेवियर वाझ 'चिक चॉकलेट' या नावाने ट्रम्पेट वाजवत आणि हिंदुस्थानचे आर्मस्ट्राँग म्हणून ओळखले जात. पुणतांब्यात जन्मलेल्या रामचंद्र चितळकरांनी, म्हणजेच सी. रामचंद्रांनी, त्यांना आपल्या संगीतात सामील करून घेतले, आणि 'अलबेला'मध्ये ते पडद्यावरही दिसतात. गेल्या अंकात मी ज्याला जॅझचा संस्कार म्हटले तो हाच: मराठी संगीतकाराची चाल, तीवर गोव्याच्या वादकांचे ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन, आणि भगवानदादांचे पाऊल. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड यांच्यासारख्या गोमंतकीयांनी हिंदी चित्रपटांसाठी वाद्यमेळ लिहिले. कोणते वाद्य कोठे बोलेल आणि कोणत्या स्वरावर थांबेल हे कागदावर उतरवणे हे त्यांचे काम, पण श्रोत्यांना त्यांची नावे क्वचितच कळली. तुमची तक्रार त्यांच्याही वाट्याला आलेली आहे, म्हणून ती मी किरकोळ मानत नाही.

आपल्याच राज्यातील कद्री गोपालनाथ यांचे उदाहरण तर तुम्ही भिंतीवर लावावे. मंगळूरजवळच्या एका नागस्वरवादकाच्या घरातील या मुलाने म्हैसूर राजवाड्याच्या बँडमध्ये सॅक्सोफोन ऐकला आणि हेच वाद्य वाजवायचे असे ठरवले. बँडमधील ते वाद्य त्यांनी कर्नाटक संगीताच्या मैफलीत मुख्य स्थानी नेले. १९९४ मध्ये ते लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये बीबीसीच्या प्रॉम्स महोत्सवात वाजवून आले, आणि २००८ मध्ये अमेरिकेतील जॅझ सॅक्सोफोनवादक रुद्रेश महंतप्पा यांच्याबरोबर त्यांची ध्वनिमुद्रिका निघाली.

आता कामाचे बोलू. कानाने शिकलात हे तुमचे भांडवल आहे, ते टाकू नका. पण लग्नसराई संपली की स्वरलेखन शिकायला लागा, कारण ते न आल्यामुळे दुसऱ्यांच्या संचात बसताना अडेल. गोव्यात शिकवणारे भेटतील, आणि निपाणीहून गोवा काही दूर नाही. रोज आरंभी लांब, स्थिर स्वर धरा. आर्मस्ट्राँग यांचे एखादे लहान स्वरवाक्य आधी गळ्यातून म्हणा, ते बिनचूक येईपर्यंत ट्रम्पेट ओठाला लावू नका. मग १२ खंडांचा ब्लूज घ्या. त्यातील आधाराचा स्वर असा चालतो: पहिले ४ खंड षड्ज, मग २ खंड मध्यम, २ खंड षड्ज, १ खंड पंचम, १ खंड मध्यम आणि शेवटचे २ खंड पुन्हा षड्ज. तुमच्या बँडमधील युफोनियमवाल्याला हे आधारस्वर धरायला सांगा, साइड ड्रमवाल्याला दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर ठोका द्यायला सांगा, आणि पहिल्या दहा-बारा फेऱ्या तुम्ही फक्त तीन स्वरांत वाजवा. बहुतेक जण नवव्या खंडात, पंचमावर जाताना, चुकतात. तुमचे कोठे अडते ते मला सविस्तर लिहून कळवा, आणि पत्रात तुमच्याबरोबर वाजवणाऱ्या सर्वांची नावे लिहा.